दिवा, गॅरेज आणि टर्मन सर

मुलांनो, शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवतंय ना? रात्री जागून तुम्ही प्रकल्प करता. पाहुणे येतात, कौतुक होतं, एखादं बक्षीसही मिळतं. आणि आठ दिवसांनी? तोच प्रकल्प माळ्यावर धूळ खात पडतो! आमच्या वर्गाच्या कपाटातही असे कितीतरी आहेत. कपाट झाडताना दर वर्षी मला वाटतं, यातला एखादा तरी कुणाच्या उपयोगी पडायला हवा होता.

मोठमोठ्या विद्यापीठांतही असं होतं बरं का! विद्यार्थी वर्षानुवर्षं संशोधन करतात, जाडजूड प्रबंध लिहितात आणि तो प्रबंध ग्रंथालयाच्या फळीवर जाऊन बसतो. पण एका प्रबंधाचं तसं झालं नाही. त्याचीच ही गोष्ट.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. तिथे फ्रेडरिक टर्मन नावाचे प्राध्यापक रेडिओचं तंत्र शिकवत. आपली हुशार मुलं शिकून झाल्यावर नोकरीसाठी दूर पूर्वेकडे निघून जातात, याची त्यांना रुखरुख लागे. त्यांनी इथेच स्वतःचं काहीतरी सुरू करावं, असं सरांना वाटे.

विल्यम ह्युलेट हा त्यांचा विद्यार्थी. त्याने प्रबंधासाठी ठरावीक स्वर काढणारं एक यंत्र तयार केलं. ध्वनीची उपकरणं तपासायला असं यंत्र लागतं. पण त्यात स्वराचा जोर एकसारखा ठेवणं अवघड होतं. ह्युलेटने काय केलं असेल? त्याने त्यात चक्क विजेचा छोटा दिवा बसवला! जोर वाढला की दिव्यातली तार तापते. तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि जोर आपोआप आवरला जातो. आहे ना गंमत? साधा, स्वस्त दिवा, पण काम केवढं!

ह्युलेटचा मित्र डेव्हिड पॅकार्ड तेव्हा दूरच्या एका कंपनीत नोकरीला होता. सरांनी त्याच्यासाठी शिष्यवृत्तीची सोय केली आणि १९३८ साली त्याला परत बोलावलं. पालो अल्टो गावात दोघांनी एक घर भाड्याने घेतलं. घरामागच्या गॅरेजमध्ये काम सुरू झालं. भांडवल किती? ५३८ डॉलर आणि भोकं पाडायचं एक जुनं यंत्र! १९३९ साली दोघांनी रीतसर भागीदारी केली. नावात आधी कोण, हे नाणं उडवून ठरवलं. तीच ही ह्युलेट-पॅकार्ड. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या प्रिंटरवर 'एचपी' ही अक्षरं असतील, ती यांचीच.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका हं! पहिल्या यंत्राची किंमत त्यांनी ५४ डॉलर ४० सेंट ठेवली. नंतर हिशेब केला तर काय, तेवढ्यात यंत्र तयारच होत नव्हतं! प्रयोगशाळेत पहिला नंबर काढणाऱ्यांनाही बाजाराचं गणित नव्याने शिकावं लागलं. पण त्यांनी हात टेकले नाहीत. पुढे वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने 'फँटेशिया' चित्रपटाच्या ध्वनीसाठी त्यांची ८ सुधारित यंत्रं विकत घेतली.

टर्मन सरांनी जे आपल्या जिव्हाळ्याने केलं, त्यासाठी विद्यापीठाने १९७० साली एक वेगळं कार्यालयच उघडलं. संशोधनाचं पेटंट घ्यायचं, ते वापरायला उद्योगाला परवाना द्यायचा आणि मिळालेल्या पैशांतून संशोधकाला, त्याच्या विभागाला वाटा द्यायचा, हे त्याचं काम. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोघे स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. त्यांच्या शोधयंत्राचं पेटंट विद्यापीठाच्या नावे होतं. १९९८ साली त्यांनी 'गुगल' कंपनी काढली. विद्यापीठाने तिला परवाना दिला आणि बदल्यात शेअर घेतले. पुढे ते विकून विद्यापीठाला सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले! म्हणजे झाडाची फळं पुन्हा त्याच मातीत आली, नाही का?

आपल्याकडेही असं होतं. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये नव्या उद्योगांना जागा आणि सल्ला देणारं 'साइन' हे केंद्र २००४ साली सुरू झालं. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००७ साली 'आयडियाफोर्ज' कंपनी काढली. ती ड्रोन बनवते. २०२३ साली तिचे शेअर बाजारात आले.

आता शेवटची गोष्ट, मला सर्वांत आवडणारी. १९७७ साली स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकीची एक इमारत उभी राहिली. पैसे दिले ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी. आणि नाव कुणाचं दिलं? टर्मन सरांचं!

पालकांनो, मुलाने काही नवं करून दाखवलं, तर 'छान' म्हणून थांबू नका. 'हे कुणाच्या उपयोगी पडेल रे?' एवढं जरूर विचारा. आणि मुलांनो, उद्याच माळ्यावरचा तो प्रकल्प खाली काढा. मीही वर्गाचं कपाट उघडते!