ट्रॅव्हल ट्रेलरमधील पूर्णवेळ वास्तव्य

ट्रॅव्हल ट्रेलरमधील पूर्णवेळ वास्तव्य म्हणजे मोटारीने अथवा पिकअप ट्रकने ओढल्या जाणाऱ्या, झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेल्या ट्रेलरलाच कायमचे घर करून राहणे होय. ही राहणी प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत आढळते. प्रस्तुत लेखातील माहिती अमेरिकेपुरती आहे. काही जण हौसेने, तर काही जण घरभाडे परवडेनासे झाल्यामुळे या राहणीकडे वळतात. नियोजनातील चूक दुसऱ्या गटाला अधिक महागात पडते, कारण परतण्यासाठी त्यांच्यामागे घर उरलेले नसते.

वजनाची मर्यादा

लहान ट्रेलर निवडताना खरेदीदार बहुधा लांबी पाहतो; प्रत्यक्षात अधिक महत्त्वाचे असते ते वजन. प्रत्येक ट्रेलरवर सामानाची कमाल मर्यादा सांगणारी पट्टी लावलेली असते आणि पिण्याच्या पाण्याची भरलेली टाकी या मर्यादेतच मोजली जाते. उदाहरणार्थ, ही मर्यादा २७० किलो आणि पाण्याची टाकी ३० गॅलनची, म्हणजे सुमारे ११४ लिटरची, आहे असे धरले, तर टाकी भरताच ११४ किलो खर्ची पडतात. नंतर बसवलेली बॅटरी, सौर पटल, पाण्याचे नळ, ट्रेलर समतल करण्याच्या ठोकळ्या व हत्यारे यांना आणखी ६० ते ७० किलो लागतात. दोन माणसांचे कपडे, भांडी, अन्नधान्य आणि कागदपत्रे यांसाठी मग शंभरेक किलोच उरतात. सहलीला एवढे पुरते. संसाराला पुरत नाही.

ओढणाऱ्या वाहनाची क्षमताही अशीच फसवी असू शकते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो. तो कमी पडल्यास वेगात ट्रेलर डोलू लागतो. हा भार वाहनातील प्रवासी व सामान यांच्या वजनात मोजला जातो. त्यामुळे जाहिरातीतील ओढण्याची क्षमता शिल्लक असतानाही वाहनाची भारवहन मर्यादा आधीच संपलेली असते. अनुभवी लोक म्हणूनच सर्व सामान भरून ट्रेलर ट्रकच्या वजनकाट्यावर तोलून घेतात.

पाणी, वायू व वीज

सार्वजनिक जमिनीवर वीज व पाण्याच्या जोडणीशिवाय राहणे हा खर्च वाचवण्याचा सर्वांत परिचित मार्ग आहे. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाच्या बहुतेक जमिनींवर २८ दिवसांच्या कालावधीत १४ दिवस विनामूल्य राहता येते. तथापि लहान ट्रेलरमध्ये हे १४ दिवस क्वचितच पुरे होतात. दोघांनी दररोज प्रत्येकी २० लिटर एवढेच पाणी वापरले तरी वरील टाकी तीन दिवसांच्या आत रिकामी होते, आणि बहुधा त्याआधी सांडपाण्याची टाकी भरते. ती रिकामी करण्यासाठी ठराविक केंद्रावर जावे लागते व तेथे अनेकदा शुल्क असते. ‘विनामूल्य’ जागेच्या हिशेबात या फेऱ्यांचे इंधन धरणे आवश्यक ठरते.

थंडीचे गणितही असेच आहे. २० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९ किलोच्या, प्रोपेन सिलिंडरमधून अंदाजे ४.३ लाख बीटीयू उष्णता मिळते. ताशी १६,००० बीटीयू वापरणारा हीटर सलग चालल्यास सिलिंडर सुमारे २७ तासांत संपतो. रात्री सहा तास चालल्यास चार-पाच रात्री टिकतो. हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो, त्यामुळे गॅस शिल्लक असूनही बॅटरी उतरल्यामुळे ट्रेलर थंड पडू शकतो. हीटरऐवजी शेगडी पेटवून ऊब मिळवणे धोक्याचे आहे: त्यातून कार्बन मोनॉक्साइडचा धोका उद्भवतो, शिवाय जळणाऱ्या वायूतून निघणारी वाफ भिंतींवर जमून बुरशी धरते.

पूर्णवेळ राहणारे बरेच लोक यामुळेच ऋतूनुसार स्थलांतर करतात. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट हे गाव हिवाळ्यात अशा वाहनांनी भरून जाते. तेथील सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात राहण्याचा परवाना अनेक वर्षे १८० डॉलरला मिळत असे.

अंदाजपत्रक

ट्रेलरची किंमत हा या राहणीतील सर्वांत ठळक आकडा असला, तरी महिन्याचा खर्च मुख्यतः किती वेळा जागा बदलली जाते यावर ठरतो. ट्रेलर ओढताना वाहनाचा इंधनखर्च अनेकदा दुपटीच्या जवळ जातो. गॅलनला १० मैल आणि ३.५० डॉलर दर धरल्यास महिन्याला ६०० मैलांच्या प्रवासाला २१० डॉलर, तर २,००० मैलांना ७०० डॉलर लागतात. तळांच्या भाड्यालाही हेच लागू होते. एका रात्रीला ४५ डॉलर या दराने तीस रात्रींचे १,३५० डॉलर होतात. महिन्याच्या कराराने तीच जागा बरीच स्वस्त पडते, मात्र विजेचे देयक सामान्यतः मीटरप्रमाणे वेगळे भरावे लागते. थोडक्यात, भटकंतीचे स्वातंत्र्य आणि बचत ही दोन्ही एकाच महिन्यात पदरात पडणे कठीण असते. ६२ वर्षांवरील नागरिकांना व कायमच्या रहिवाशांना ८० डॉलरमध्ये आजीवन प्रवेशपत्र मिळते. त्यावर केंद्र सरकारच्या अनेक तळांच्या शुल्कात निम्मी सवलत असते.

नवख्यांच्या अंदाजपत्रकात सहसा न आढळणारी बाब म्हणजे दुरुस्तीचा राखीव निधी. ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनी बदलावे लागतात. ब्रेक, चाकांचे बेअरिंग आणि छताच्या सांध्यांचे लेपन यांची नियमित तपासणी लागते. छतातून झिरपलेले पाणी भिंतीच्या आतील लाकूड कुजवते आणि ते लक्षात येईपर्यंत दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. शिवाय दुरुस्तीसाठी जाते ते नुसते वाहन नसून घरच असते. कार्यशाळेत सुटा भाग येईपर्यंत आठवडे लागले, तर तेवढ्या दिवसांचे मोटेलचे भाडेही याच निधीतून द्यावे लागते. अनेक उत्पादकांची हमी कायमच्या निवासासाठी लागू नसते. विम्याचेही तसेच: सहलीसाठीच्या साध्या पॉलिसीऐवजी पूर्णवेळ रहिवाशांसाठीची वेगळी, अधिक महाग पॉलिसी घ्यावी लागते.

पत्ता व कायदा

वाहन परवाना, मतदान, कर आणि विमा या सर्वांसाठी कोणत्या तरी राज्यातील अधिकृत पत्ता आवश्यक असतो. वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नसल्याने साउथ डकोटा, टेक्सास व फ्लोरिडा ही राज्ये विशेष पसंत केली जातात. टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा तेथे आहेत. १९७८ मध्ये स्थापन झालेला व टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे मुख्यालय असलेला एस्केपीज हा क्लब त्यांपैकी एक होय. मात्र केवळ कर पाहून राज्य निवडणे अपुरे ठरते. ६५ वर्षांखालील व्यक्तीने स्वतः घेतलेल्या आरोग्य विम्याचे जाळे बहुधा पत्त्याच्या राज्यापुरते वा परिसरापुरते असते, त्यामुळे दूरच्या राज्यात तातडीच्या नसलेल्या उपचारांचा खर्च अंगावर पडू शकतो.

अनेक गावांत व परगण्यांत स्वतःच्या मालकीच्या भूखंडावरही ट्रेलरमध्ये कायम राहण्यास मनाई असते. काही खाजगी तळ दहा वर्षांहून जुन्या ट्रेलरना प्रवेश नाकारतात. स्वस्त म्हणून घेतलेला जुना ट्रेलर तेथे चालत नाही.

उत्पन्न

निवृत्तिवेतन किंवा दूरस्थ काम नसलेले लोक हंगामी कामे करतात: तळांवरील यजमान म्हणून देखरेख, उत्तर डकोटा व मिनेसोटा येथील शरद ऋतूतील बीटची काढणी; ॲमेझॉनच्या गोदामांतील सणासुदीचे कामही पूर्वी अशा लोकांना मिळत असे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अशा कामांवर जगू लागलेल्या वृद्धांचे चित्रण जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकात आहे. त्यावर आधारित, क्लोई झाओ दिग्दर्शित चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.

वास्तव्याचा शेवट

नव्या ट्रेलरची किंमत पहिल्या काही वर्षांत वेगाने घसरते. दीर्घ मुदतीच्या कर्जावर तो घेतला असल्यास विक्रीतून कर्जही फिटत नाही. भाड्याच्या घरात परतताना अनामत रक्कम, पहिल्या महिन्याचे भाडे आणि पूर्वीच्या घरमालकाचा दाखला मागितला जातो; रस्त्यावर काढलेल्या वर्षांचा असा दाखला देणारा कोणी नसतो. आजारपण किंवा अपघातामुळे गाडी चालवणे अशक्य झाले, तर ही रक्कम नेमकी उत्पन्न थांबलेल्या काळातच लागते. म्हणून ती ट्रेलर घेण्यापूर्वीच दुरुस्तीच्या निधीपासून वेगळी काढून ठेवावी लागते.