पाठीवर बिऱ्हाड, पुढे कोलंबो

काशी-रामेश्वर करून आलेल्या बाईच्या लोक पाया पडतात; पण तीच बाई नुसता मुलूख पाहण्यासाठी एकटी परदेशी निघाली, की साऱ्या घराला काळजीचा ताप भरतो. आमच्या घरीही तेच झाले. प्राथमिक शाळेतली नोकरी संपवून मी कुसगावी निवांत बसले होते. "कोलंबोला एकटीच जाते आहे," असे म्हटल्याबरोबर मुलाचा पुण्याहून फोन आला.

"आई, एखाद्या प्रवासी कंपनीबरोबर जा ना! ते चहासुद्धा हातात आणून देतात."

"तेच नको आहे रे!" मी म्हटले. तीस वर्षे मी घंटेच्या ठोक्यावर उठले, बसले. आता चार दिवस तरी घंटा नको होती.

राजमाची-लोहगड पालथे घालणाऱ्या भाच्याने आपली सॅक दिली आणि बजावले, "मावशी, सात किलोच्या वर एक रुमालही भरू नकोस." दोन सुती साड्या, दोन पंजाबी पोशाख, औषधे, मेतकूट, दशम्या आणि टॉर्च एवढ्यात माझे बिऱ्हाड मावले.

कोलंबोच का, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे कारण धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा तरुण. 'बालबोधमेवा' मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून त्याला ज्ञानाची ओढ लागली, आणि 1899 च्या अखेरीस त्याने घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असे भटकत 1902 साली तो कोलंबोला पोहोचला. वय अवघे पंचवीस. खिशात पैसा नाही, तिथली भाषा येत नाही. पुढे पाली भाषेचे गाढे पंडित म्हणून ज्यांना हार्वर्डहून बोलावणे आले, त्यांच्या विद्येचा पाया या परक्या शहरात घातला गेला. त्यांचे 'निवेदन' मी कितीदा वाचले असेन! ते शहर आपल्या पायांनी पाहावे, एवढीच इच्छा होती.

मुंबईहून विमानाने अडीच तासांची वाट. घड्याळाचा काटाही हलवावा लागत नाही. तिथली वेळ आपलीच. पण कटुनायकेच्या विमानतळावरून बसने शहरात पोहोचेतो अंधार पडला आणि पावसाची सर आली. ज्या ठिकाणी आगाऊ पैसे भरून खोली घेतली होती, तिथला माणूस पावतीकडे न बघताच म्हणाला, "खोली दिली दुसऱ्यांना." झाले! पाठीवर ओझे, अंगावर ओली साडी, आणि चहूकडे जिलबीसारख्या गोल अक्षरांच्या पाट्या. एक वाचता येईल तर शपथ! त्या क्षणी मुलाचा शब्द आठवला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परतीचे विमान सकाळीच होते.

समोर किराणा मालाचे एक छोटे दुकान होते. गल्ल्यावर चाळिशीची बाई. मोडक्या इंग्रजीत मी हकीकत सांगितली. तिने मला न्याहाळले, स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाली, "बसा, अक्का."

अक्का! सिंहली भाषेतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे मला त्या स्टुलावर बसून कळले. दुकान बंद करून तिने मला आपल्या मावशीकडे नेले. तिथे भाड्याची एक खोली होती. दाराला आतून भक्कम कडी होती, ती मी दोनदा ओढून पाहिली आणि झोपले. सकाळचे विमान माझ्याविनाच गेले.

पुढचे दोन दिवस मी त्या भाषेच्या मागे लागले. भाताला 'बत', मिठाला 'लुणु', दोनाला 'देक', तीनाला 'तुन', गावाला 'गम', हाताला 'अत'. संस्कृत-पालीच्या घरातली ही आपली चुलतबहीणच! मात्र शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोबऱ्याची लालभडक चटणी, पोल साम्बोल, दिसायला निरुपद्रवी. पण तीत पुष्कळदा सुक्या मासळीची पूड असते. "मालु एपा, मस एपा," म्हणजे मासळी नको, मांस नको, हे चार शब्द पाठ केले आणि पोटाची चिंता मिटली. इडिअप्पे आणि नारळाच्या दुधातली डाळ यांवर माझे छान भागले.

तिसऱ्या दिवशी माळिगाकंदला गेले. 1873 साली सुमंगल महाथेरांनी स्थापन केलेले विद्योदय विद्यालय तिथे आहे. याच सुमंगलाचार्यांपाशी कोसंबी पाली शिकले, श्रामणेर झाले. अंगणात एक तरुण भिक्षू झाडलोट करीत होता. मी कोसंबींचे नाव घेतले. त्याने ते ऐकलेले नव्हते, पण "इतक्या लांबून शिकायला आले?" असे विचारून तो हसला. मी त्या पायरीवर घटकाभर बसले. बायकोला आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून इथवर आलेल्या त्या माणसाच्या मनात पहिल्या रात्री काय आले असेल? माझ्यामागे तर मुलाचा दिवसातून चारदा फोन होता.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालयात गेले. तिथे गाले गावी 1911 साली सापडलेला एक शिलालेख आहे. चिनी दर्यावर्दी झंग हे याच्या वेळचा, 1409 सालचा. एकाच दगडावर तीन भाषा: चिनी, तमिळ आणि फारसी. परक्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाने यजमानांना समजेल अशा बोलीत लिहावे, हा शहाणपणा सहाशे वर्षांपूर्वीचा.

तो दगड पाहताना मला आमचे मावळ आठवले. कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिले, असे तिथेच कोरलेले आहे. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी या लेखांचा कसून अभ्यास केला. म्हणजे यवन म्हणवणारी माणसे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या घाटवाटेवर वावरत होती, आणि आमच्याच प्राकृतात आपले नाव लिहून गेली. त्यांनाही कुणी तरी मावळी बाईने "बसा" म्हटले असेलच की!

माझ्या वयाच्या भगिनींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. परक्या शहरात शक्यतो उजेडी उतरावे. मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत लिहून जवळ ठेवावा. पैसे दोन ठिकाणी वाटून ठेवावेत. पहिल्या दिवशी बिऱ्हाडाभोवतीच्या चारच गल्ल्या पायी फिराव्या, म्हणजे शहर आपल्याला आणि आपण शहराला ओळखू लागतो. आणि निघण्यापूर्वी तिथले पाच तरी शब्द शिकावेत. बाकीचे शिकवायला, स्टूल पुढे करणारे कुणी ना कुणी भेटतेच.