मिठाचा रंग आणि मिठाचा गुण

गेल्या काही वर्षांत अनेक घरांतल्या मिठाच्या बरणीत पांढऱ्याऐवजी गुलाबी मीठ आले आहे. पूर्वी हे शेंदेलोण, म्हणजे सैंधव, उपवासापुरते आणले जायचे. आता ते रोजच्या आमटीत पडते, कारण ते नैसर्गिक आहे, त्यात ८४ खनिजे आहेत, सोडियम कमी आहे आणि कारखान्यातल्या मिठासारखी ‘केमिकल’ नाहीत, असे सगळीकडे सांगितले जाते. उपवासाची परंपरा पाळायला कोणाचीच हरकत नसावी. पण रोजचे मीठ बदलताना जी कारणे दिली जातात ती तपासली, तर आपण मीठ रंगावरून आणि उगमावरून निवडतो आहोत हे ध्यानात येते. आरोग्याच्या दृष्टीने ज्या दोन गोष्टींनी खरा फरक पडतो त्या मात्र रंगावरून कळत नाहीत. त्यातली एक आयोडीन, दुसरी सोडियमचे प्रमाण.

‘हिमालयन’ म्हणून विकले जाणारे बहुतेक गुलाबी मीठ पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतले असते. ती खाण हिमालयाच्या मुख्य रांगांपासून बरीच दूर, मिठाच्या डोंगररांगेत आहे. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तिथला समुद्र आटला आणि त्याचे मीठ थरांखाली गाडले गेले. म्हणजे सैंधव हेही मुळात समुद्राचेच मीठ. त्यात साधारण ९७-९८ टक्के सोडियम क्लोराईड असते आणि गुलाबी छटा लोहाच्या ऑक्साईडमुळे येते. आता खनिजांचा हिशोब करू. दिवसाला ५ ग्रॅम मीठ खाल्ले, तर उरलेले दोन टक्के म्हणजे १०० मिलिग्रॅम. त्यात ओलावा आला, माती आली आणि ती सगळी ८४ खनिजेही आली. हे शंभरच्या शंभर मिलिग्रॅम कॅल्शियमच आहे असे मानले, तरी तेवढे कॅल्शियम अर्ध्या वाटी दुधात मिळते. सोडियमचेही तसेच. जाडसर खड्यांचे मीठ चमच्यात पोकळ बसते, म्हणून ते कमी खारट वाटते आणि मग आणखी अर्धा चमचा टाकला जातो. वजनाने मोजले तर कोणत्याही साध्या मिठात सुमारे ३९ टक्के सोडियमच असते.

पांढऱ्या मिठातल्या ‘सायनाइड’ची भीतीही वरचेवर पसरवली जाते. मीठ मोकळे राहावे म्हणून काही उत्पादक त्यात फेरोसायनाइडचे क्षार घालतात, हे खरे आहे. पण त्यातले सायनाइड लोहाशी इतके घट्ट बांधलेले असते की शरीरात ते सहसा सुटे होत नाही. मात्राही पाहा. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले, तर १० ग्रॅम मिठातून ०.१५ मिलिग्रॅम पोटात जाते. ६० किलो वजनाच्या माणसासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची सुरक्षित मर्यादा १.५ मिलिग्रॅम, म्हणजे याच्या दहापट आहे.

आयोडीनबद्दलचा गैरसमज मात्र गंभीर आहे, कारण त्याची किंमत मुलांच्या मेंदूला मोजावी लागते. समुद्राच्या मिठात आयोडीन आपोआप असते, अशी किनारपट्टीवर पक्की समजूत आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार आणि ५०-६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. ते सगळे मिठात उतरले तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमही भरत नाही आणि प्रत्यक्षात बरेचसे आयोडीन मीठ काढल्यावर उरलेल्या पाण्यातच राहते. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोचताना ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे लागते. प्रौढ माणसाची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी २५०. समुद्रातली मासळी या गरजेला हातभार लावते, आगरातले खडे मीठ नाही.

पूर्वजांना कुठे आयोडीनचे मीठ होते, असा प्रश्न येतो. नव्हते, आणि म्हणून गलगंड होता. त्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. आल्प्सच्या खोऱ्यांत तर गलगंडाबरोबरच जन्मतः खुंटलेल्या बुद्धीची आणि वाढीची मुले पिढ्यान्‌पिढ्या दिसत. स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली आणि हे चित्र पालटले. भारतात १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एकाला साधे. काही वर्षांत त्या दोन विभागांतला गलगंड निम्म्याच्या आसपास उतरला, तिसऱ्यात होता तसाच राहिला. या पुराव्यावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आपल्या दमट हवेत टिकावे म्हणून पोटॅशियम आयोडाइडऐवजी पोटॅशियम आयोडेट वापरायचे, हा निर्णयही अशाच कामातून पक्का झाला.

या धोरणावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीमुळे छोट्या मिठागरांची बाजारपेठ मोठ्या कंपन्यांकडे गेली, हा पहिला. शिरोड्याने १९३० मध्ये मिठासाठी सत्याग्रह केला, तिथल्या माणसाला हे बोचणारच. हे दुखणे खरे आहे, पण त्यावर उपाय छोट्या उत्पादकाला आयोडेट आणि फवारणीची साधी यंत्रणा पुरवण्याचा आहे. सप्टेंबर २००० मध्ये केंद्राने आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवरची बंदी उठवली, तेव्हा आयोडीनयुक्त मीठ वापरणारी घरे कमी झाली आणि मे २००६ पासून बंदी पुन्हा आणावी लागली. दुसरा आक्षेप थायरॉइडचा. डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात आयोडीन सक्तीचे झाल्यावर थायरॉइड मंदावण्याचे रुग्ण काहीसे वाढले, अशी नोंद आहे. ती दडवण्याचे कारण नाही. पण मंदावलेला थायरॉइड रोजच्या एका गोळीने सांभाळता येतो. गर्भातच आयोडीन न मिळालेल्या बाळाच्या मेंदूचे नुकसान नंतर कशानेही भरून येत नाही.

राहिला प्रश्न मिठाच्या मात्रेचा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे आणि भारतीय माणूस साधारण ८ ते ११ ग्रॅम खातो. पापड, लोणचे, फरसाण आणि भाजीवर वरून भुरभुरलेले मीठ हे त्याचे ठळक वाटेकरी. मीठ कमी केल्याने आयोडीन कमी पडेल अशी शंका असेल, तर मिठातले आयोडीनचे प्रमाण वाढवता येते आणि संघटनेचा सल्लाही तोच आहे. ज्यांना मिठाचा प्रकारच बदलायचा आहे, त्यांच्यासाठी खरा पर्याय गुलाबी नसून पोटॅशियमयुक्त मिठाचा आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत २०,९९५ लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराईड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असे मीठ दिले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांमुळे शरीरात पोटॅशियम साठते त्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नये. बाकीच्यांनी ते घेताना पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिले आहे ना, तेवढे पाहावे.