मोगऱ्याचा हिरवा चहा : क्वाथ नव्हे, फांट

चीनमधील फूच्यान प्रांतातील फूचौ हे नगर मोगऱ्याने सुवासित केलेल्या हिरव्या चहासाठी विख्यात आहे. मोगरा, म्हणजेच आपली मल्लिका, रात्री उमलतो. तेव्हा त्याच्या कळ्या सुक्या चहात मिसळतात. चहा गंध शोषून घेतो व नंतर फुले काढून टाकतात. अशी पुटे अनेकदा देतात. पुढे कोवळे अंकुर सुती दोऱ्याने हातांनी बांधून त्यांची गोळी करतात. उष्ण जलात ती फुलासारखी उमलते.

ही गोळी उकळल्याने कडू होते. दोष द्रव्याचा नसून कल्पनेचा आहे. हा क्वाथ नव्हे, फांट आहे. शार्ङ्गधरांनी फांटास द्रव्याच्या चौपट जल सांगितले. येथे मात्र एका गोळीस सुमारे अर्धा लिटर लागते. उकळलेले पाणी ८० अंश सेल्सिअसपर्यंत निववून काचपात्रातील गोळीवर ओतावे व ३ ते ५ मिनिटे झाकावे. तीच गोळी दोन-तीनदा चालते.

औषधालयचालकांनी हा गंधग्राही चहा ओवा, हिंग, कापूर यांपासून दूर, घट्ट डब्यात ठेवावा. वैद्यांनी विशेष ध्यानी घ्यावे, की यातील कषाय द्रव्ये लोहाचे शोषण घटवितात. म्हणून पांडुरोग्यास लोह-मंडूरकल्प देताना या चहाचे अंतर किमान दोन तास राखावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.