काळ्यातला काळा, पांढऱ्यातला पांढरा

तेल्हारा, अकोटसारख्या तालुक्याच्या गावी छातीचा ‘फोटो’ काढला, की पूर्वी फिल्म धुऊन सुकेपर्यंत थांबावं लागे. डिजिटल एक्स-रे आला आणि फोटो थेट संगणकावर उमटू लागला. अकोल्या-नागपूरचा रेडिओलॉजिस्ट तो तिथूनच पाहू शकतो. फाइल तीच असते, पण दोन मॉनिटर ती सारखीच दाखवतील याची खात्री नसते.

छातीच्या एक्स-रेत फुप्फुसं काळी, हृदय आणि हाडं पांढरी दिसतात. फुप्फुसाभोवती हवा साचली, तर खूण असते ती एका बारीक रेघेची. हृदयाच्या सावलीमागची गाठ म्हणजे पांढऱ्यावर जरासं जास्त पांढरं. मॉनिटरने टोकाच्या छटा गिळल्या, तर या खुणाही गेल्या.

म्हणून वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम मानकाच्या १४व्या भागाने करड्या छटांची मोजपट्टी ठरवली. ०.०५ ते ४००० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढ्या उजेडात, डोळ्याला जेमतेम वेगळ्या कळतील अशा १०२३ पायऱ्या. खास वैद्यकीय मॉनिटर या मोजपट्टीवर बेतलेले असतात. ते महाग.

साधा मॉनिटर हाताने जुळवता येतो. अर्धा तास चालू ठेवायचा, काच पुसायची, वऱ्हाडातलं ऊन आत येऊ नये म्हणून पडदा ओढायचा. आपोआप उजेड बदलणाऱ्या सोयी आणि रात्रीचा पिवळा रंग बंद. मग टेस्ट पॅटर्न उघडायचा. अमेरिकेतल्या सिनेमा-टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेचा ‘एसएमपीटीई’ पॅटर्न यासाठी जुना आणि प्रसिद्ध. त्यात पूर्ण काळ्या चौकोनात ५ टक्क्यांचा आणि पूर्ण पांढऱ्यात ९५ टक्क्यांचा छोटा चौकोन असतो. दोन्ही दिसायला हवेत. काळ्यातला हरवला, तर आधी खोलीतला उजेड कमी करायचा, मग ब्राइटनेस वाढवायचा. पांढऱ्यातला विरला, तर कॉन्ट्रास्ट उतरवायचा. तरीही जमलं नाही, तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये गॅमा तपासायचा.

मात्र डोळा लगेच सरावतो. उजेड किती, हे त्याला सांगता येत नाही. अमेरिकन रेडिओलॉजी संघटनांच्या शिफारशीनुसार निदानाच्या मॉनिटरचा कमाल उजेड किमान ३५० कॅन्डेला हवा, मॅमोग्राफीसाठी ४२०. हे मोजायला फोटोमीटरच लागतो. शिवाय मॉनिटरचा बॅकलाइट वापराने मंदावत जातो, त्यामुळे एकदा जुळवून भागत नाही.

हाताने जुळवलेला मॉनिटर ओपीडीत फोटो बघायला चालेल. शेवटचा रिपोर्ट मोजून जुळवलेल्या मॉनिटरवरच व्हावा. आणि ओपीडीतल्या मॉनिटरवरही महिन्यातून एकदा तरी टेस्ट पॅटर्न उघडून ते दोन चौकोन दिसतात का, एवढं बघावं.