कॅफिन काढणारी पाळी

पहाटे ५:४५
जर्मनीतलं ब्रेमेन. बंदराजवळचा कारखाना. इथे कॉफी भाजत नाहीत, दळतही नाहीत. कच्च्या बियांतलं कॅफिन काढतात आणि बिया कच्च्याच परत पाठवतात. सकाळपाळीचा ऑपरेटर लोखंडी टोकाचे बूट चढवतो, कानांत बोळे घालतो. रात्रपाळीवाला वहीत शेवटचा आकडा लिहून निघतो. रात्री अकरानंतरच्या कामाला कायद्याने जादा भत्ता किंवा बदली सुटी मिळते.

६:१५
कंटेनर उघडला. साठ किलोची ३२० पोती, म्हणजे एकोणीस टनांवर माल. व्हिएतनामची रोबस्टा, ब्राझीलची अरेबिका, कधी आपल्या कोडगूची रोबस्टाही. पोत्याचं तोंड सुरीने कापायचं, बिया जाळीवर ओतायच्या. चाळणीवर सुतळी, काटक्या, खडे उरतात. खिळे लोहचुंबकाला चिकटतात. यंत्रं आहेत, तरी पाठ मोडते ती इथेच.

७:३०
घाणा भरला. आधी वाफ, मग पाणी. बियांतली ओल अकरा टक्क्यांवरून चाळीसच्या आसपास नेतात. बिया भिजवलेल्या वाटाण्यासारख्या टपोऱ्या होतात. कोरड्या बीतून कॅफिन हलतच नाही. ही युक्ती याच गावची. लुडविग रोझेलियस यांनी १९०६ मध्ये इथे ‘कॅफे हाग’ कंपनी काढली. तेही बिया आधी फुगवत आणि मग बेंझीनने कॅफिन धुऊन काढत. बेंझीनने कर्करोग होतो हे पुढे कळलं, आणि ते गेलं.

९:००
आता डायक्लोरोमिथेन हे द्रावक सोडायचं. पाण्यासारखं दिसतं, पण चाळीस अंशांना उकळतं. कॅफिन उचलतं, चवीची द्रव्यं बरीचशी मागे ठेवतं. ऑपरेटर व्हॉल्व्ह फिरवतो, काट्यावर नजर ठेवतो. या रसायनाची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड. ती जमिनीलगत साचते, म्हणून गळती शोधणारे सेन्सर खाली, पायांच्या उंचीला बसवतात. वास गोडसर. पण नाकाला कळेपर्यंत हवेतलं प्रमाण मर्यादेच्या वर गेलेलं असतं. नाकावर इथे कुणी विसंबत नाही.

१०:००
अर्ध्या तासाची सुटी. सहा तासांहून जास्त काम असेल तर ती द्यावीच लागते, पण तिचे पैसे द्यायचं बंधन नाही. २०२५ मधली किमान मजुरी तासाला १२.८२ युरो. सहा ते दोनच्या पाळीचे साडेसात तास धरले तर ९६.१५ युरो, तेही कर कापायच्या आधी. ऑपरेटरला याहून जास्त मिळतात. तो यंत्रातून कॉफी घेतो. कॅफिनवाली.

११:३०
घाण्याजवळ आता फारसं काम नाही. द्रावक फिरत राहतं, तासन्‌तास. खरी गंमत पलीकडच्या भांड्यात. कॅफिन घेऊन आलेलं द्रावक तिथे तापवून उडवतात, थंड करून पुन्हा टाकीत घेतात. थेंब वाया घालवत नाहीत. तळाशी उरतं तपकिरी, मेणचट कच्चं कॅफिन. ते विरघळवायचं, कोळशातून गाळायचं, पुन्हा स्फटिक पाडायचे. शेवटी बारीक सुयांसारखी पांढरीशुभ्र भुकटी. रोबस्टात दोन टक्के कॅफिन धरलं तर पोत्यामागे सव्वा किलोच्या आत-बाहेर. ही भुकटी शीतपेयांत जाते, डोकेदुखीच्या गोळ्यांत जाते. एकाची झोप वाचवायला काढलेलं दुसऱ्याची झोप उडवायला विकायचं, असा हा धंदा. त्यातही स्पर्धा आहे. आपल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कॉफीचा दाणाही न लागता रसायनांपासून कॅफिन बनतं.

दुपारी २:००
पाळी बदलली. सकाळच्या ऑपरेटरने बूट कपाटात ठेवले. घाणा अजून उतरलेला नाही. त्याने भरलेला घाणा बहुतेक वेळा दुसराच कुणी उतरवतो.

संध्याकाळी ७:००
द्रावक काढून घेतलं. बियांना पुन्हा वाफ, उरलंसुरलं उडून जावं म्हणून. युरोपीय संघाचा नियम असा : भाजलेल्या कॉफीत किलोमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्रावक सापडता कामा नये. मग वाळवण. कोमट हवा, फिरता ड्रम, घाई नाही. ओल राहिली तर बुरशी धरते, जास्त तापवलं तर चव जाते. निघाल्या होत्या त्या अकरा-बारा टक्क्यांवर बियांना परत आणायचं.

रात्री १०:३०
मूठभर बिया प्रयोगशाळेत. कॅफिनची मर्यादा ०.१ टक्का. आकडा बसला. बियांचा हिरवा रंग गेलाय, त्या मातकट तपकिरी दिसतात. भाजणाऱ्याची पंचाईत इथे होते, कारण नेहमीसारखं रंगावरून भाजणं ओळखता येत नाही.

माल पुन्हा पोत्यांत भरला. कच्च्या कॉफीवर जर्मनीत कॉफीकर नाही, म्हणून तो इथून तसाच बाहेर पडतो. भाजला की किलोला २.१९ युरो लागतात. कॅफिन काढलेल्या कॉफीलाही दर तोच.