माळकऱ्याच्या यकृतातले वण

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. अशा गावात सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलं की घरचे बुचकळ्यात पडतात. आप्पा माळकरी, दारूला कधी शिवले नाहीत, मग लिव्हरला काय झालं? पण दारूशिवायही यकृतात चरबी साठते. मधुमेह आणि सुटलेलं पोट ही तिची नेहमीची वाट. अंगानं बारीक असणंही पुरेसं संरक्षण नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

मग दोष शेवभाजीवरच्या तर्रीवर जातो. २००५ साली अमेरिकेत नऊ रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा माग काढला गेला. थेट जेवणातून आलेली चरबी निघाली जेमतेम १५ टक्के. ५९ टक्के अंगावरच्या मेदातून आली होती आणि २६ टक्के यकृतानं स्वतःच, मुख्यतः साखर आणि स्टार्चपासून, घडवली होती. तेव्हा एकादशीला साबुदाण्यावर ताव मारून यकृताला आराम दिला, असं समजू नये.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे: चरबी साठली म्हणजे यकृत वण पडून कडक होणारच. कित्येकांची गोष्ट चरबीवरच थांबते. वण पडतात ते यकृताच्या मुख्य पेशी ताणाखाली येऊन शेजाऱ्यांना रासायनिक निरोप धाडू लागल्या की. हे शेजारी म्हणजे शास्त्रज्ञ कुप्फर यांनी १८७६ मध्ये पाहिलेल्या ताराकृती पेशी. एरवी त्या ‘अ’ जीवनसत्त्व सांभाळून शांत बसतात. निरोप आला की तो साठा सोडतात आणि कोलॅजनचे धागे विणत सुटतात. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली उंदरांच्या यकृतपेशींतलं ‘टॅझ’ हे प्रथिन दाबून टाकलं. हा निरोप त्याच्याच हुकमानं निघतो. वण ओसरले, चरबी मात्र होती तिथेच राहिली! म्हणजे चरबी आणि वण यांचे हिशेब वेगळे.

सोनोग्राफीतला ‘ग्रेड’ चरबीचा असतो, वणांचा नव्हे. रक्ततपासणीत एसजीपीटी नॉर्मल असूनही वण असू शकतात, आणि सिऱ्हॉसिसपर्यंत गेलेल्या यकृतातली चरबी कधीकधी दिसेनाशीही होते. मधुमेह्यानं तरी डॉक्टरांना वणांचा अंदाज देणाऱ्या ‘फिब-४’बद्दल विचारावं. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावर तो आकडा निघतो. शंका आली तर पुढे फायब्रोस्कॅन.

वण पडले की कायमचे, हेही खरं नाही. क्यूबातल्या २०१५ च्या अभ्यासात वर्षभरात वजन १० टक्के किंवा त्याहून जास्त उतरवणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांचे वण मागे हटले. ८० किलोच्या माणसाला त्यासाठी आठ किलो घटवावे लागतात.